बोत्नारूबाईंचा ठावठिकाणा

झिनाइदाच्या घरात दोन बायका राहतात, असं नगरपालिकेच्या खिडकीवर तिला सांगण्यात आलं, तेव्हा तिने आधी मागे वळून बघितलं. मागे रांगेत एक म्हातारा आपल्या कुत्र्याला घेऊन उभा होता. दुसरी बाई काही दिसली नाही.

"मी एकटीच राहते," ती म्हणाली.

"इथे तसं नाही," खिडकीमागच्या फाव्हारोबाई कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाल्या. "एक झिनाइदा स्पीनू, इटलीची नागरिक. दुसरी झिनाइदा बोत्नारू, मोल्दोव्हाची. जन्मतारीख एक, जन्मगाव एक, पत्ता एक. जुळ्या आहात का?"

"जुळ्या नाही हो. दोन्ही मीच."

"दोन्ही तुम्ही कशा असाल? आडनावं वेगळी आहेत."

आता यात चूक म्हटली तर कुणाचीच नव्हती. आमच्या मोल्दोव्हात पोरीचं लग्न झालं की ती माहेरचं आडनाव माहेरीच ठेवते आणि नवऱ्याचं घेऊन पुढचं आयुष्य काढते. इटलीत तसलं काही नाही. इथे बाई लग्न करते, संसार करते, नवऱ्याशी भांडते, पण सरकारदरबारी मरेपर्यंत बापाच्या नावाची. झिनाइदा या गावात सतरा वर्षं बोत्नारू म्हणून राहिली. गेल्या उन्हाळ्यात तिने महापौरांसमोर इटलीची शपथ घेतली. त्यांनी तिला राज्यघटनेचं पुस्तक दिलं, हात मिळवला आणि त्याबरोबर बापाचं आडनावही परत दिलं, जे ती एकोणिसाव्या वर्षी मागे टाकून आली होती. इटलीने साठीच्या बाईला माहेरी पोचवलं, असं आम्ही बायका तिला चिडवत होतो.

नवी स्पीनू वहीत चढली की जुनी बोत्नारू कुणीतरी खोडायची असते. ज्याने खोडायची तो ऑगस्टच्या सुट्टीवर गेला आणि सुट्टी संपल्यावर थेट निवृत्तच झाला. त्याला पेन्शन मिळाली आणि झिनाइदाला घरात सोबत.

एरवी तिने ही सोबत चालवूनही घेतली असती. पण तिची एकुलती एक मुलगी ओलेस्या मॉन्ट्रियलला होती, अडतिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते, आणि जावई ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असायचा. "आई, मी घाबरलेले नाही," ओलेस्या फोनवर म्हणायची, "पण तू ये." मोल्दोव्हाच्या पासपोर्टवर कॅनडाने झिनाइदाला दोनदा व्हिसा नाकारला होता. विधवा, एकटी, मागे कुणी नाही, ही कशाला परत जाईल, असा त्यांचा हिशोब. इटलीच्या पासपोर्टवर व्हिसाच लागत नाही. ती शपथ, ते पुस्तक, तो महापौर, सगळं त्यासाठी होतं. आणि पासपोर्टवाल्या पोलिसांनी अर्ज बाजूला ठेवून दिला होता. म्हणाले, एका पत्त्यावर एकाच जन्मतारखेच्या दोन झिनाइदा आहेत, आधी नगरपालिकेने त्यांचं काय ते मिटवावं.

झिनाइदाने लग्नाचा दाखला आणला. फाव्हारोबाईंनी तो उलटसुलट वाचला.

"यावरून एवढंच कळतं की स्पीनूचं लग्न झालं आणि ती बोत्नारू झाली," त्या म्हणाल्या. "म्हणजे स्पीनू उरायला नको. इथे तर ती आहे. तुम्हीच आहात."

फाव्हारोबाई दुष्ट नव्हत्या, हे सांगायला हवं. नियमाबाहेर जाऊन त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं, आणि भलंही नाही. त्यांनी सल्ला दिला की तुमच्या वकिलातीतून दोन्ही बायका एकच असल्याचं पत्र आणा. झिनाइदा वकिलातीत गेली. तिथला पोरगा गोड बोलला. म्हणाला, पत्र आत्ता देतो मावशी, फक्त मोल्दोव्हाचा चालू पासपोर्ट दाखवा. तो संपला होता. नवा करायचा तर बोत्नारूबाई इटलीत राहतात असा नगरपालिकेचा दाखला हवा. ती परत फाव्हारोबाईंकडे आली. त्या म्हणाल्या की बोत्नारूबाईंची चौकशी चालू आहे, आणि चौकशीतल्या माणसाला दाखला देता येत नाही.

"चौकशी कधी सुरू झाली?" झिनाइदाने विचारलं.

"तुम्ही आलात ना, तेव्हापासून."

शेवटी ठरलं ते असं, की नगरपालिकेचा पोलीस घरी येऊन बघून जाईल आणि एकच बाई राहते असं लिहून देईल. हे ऐकून झिनाइदाला हायसं वाटलं. घरात एकच बाई आहे, हे बघायला डोळेच तर लागतात.

तिचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्याआधी ती सिन्योरा क्लेलिया नावाच्या म्हातारीकडे राहत होती, बारा वर्षं. तिला न्हाऊ घालायची, भरवायची, रात्री तीनदा उठून कूस बदलून द्यायची. क्लेलिया गेली, मुलांनी घर विकलं, आणि झिनाइदाने या दोन खोल्या घेतल्या. आता ती सकाळी दोन ठिकाणी साफसफाईला जायची आणि दुपारी घरी यायची. क्लेलिया होती तोवर दिवसभर कुणावर तरी ओरडता तरी यायचं. आता काही दिवस तर असे जायचे की तिचा आवाज फक्त बेकरीत पाव मागण्यापुरता वापरला जायचा. तिला एकटं वाटत होतं, आणि ते कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं, हे त्या एकटेपणातलं सगळ्यात वाईट.

पोलीस नेमका आला तो तुदोरच्या श्राद्धाच्या दिवशी.

तुदोर म्हणजे तिचा नवरा. आमच्यात गेलेल्या माणसाच्या दिवशी त्याच्या नावाने पोमाना देतात. नवा कप, नवं ताट, टॉवेल, मेणबत्ती, शिजवलेल्या गव्हाचं गोड, असं मांडायचं आणि ते सगळं एखाद्या जिवंत माणसाच्या हातात द्यायचं. त्याने घेतलं की तिकडे गेलेल्याला पोचतं. गावाकडे यात अडचण नसते. दार उघडं ठेवलं की शेजारीणच येते, आणि नाही आली तर रागावते. इथे झिनाइदाने सकाळपासून सगळं मांडून ठेवलं होतं आणि द्यायला माणूस मिळत नव्हता. टेबलावर एक ताट तिचं होतं आणि एक तुदोरच्या नावाचं. अशा वेळी घंटी वाजली.

एर्मेस बोर्दिन्योन नावाचा तो पोलीस निवृत्तीला आलेला, जाड मिशांचा, ओली टोपी हातात धरून पायपुसण्यावर उभा राहणारा माणूस होता.

"सिन्योरा स्पीनू?"

"हो, या ना."

"सिन्योरा बोत्नारूही इथेच राहतात?"

"तीही मीच."

"म्हणजे राहतात."

"राहते. पण मीच."

एर्मेसने टेबलाकडे बघितलं. दोन ताटं, दोन कप, दोन चमचे. "मग हे दुसरं ताट कुणाचं?"

"नवऱ्याचं."

त्याचं पेन थांबलं. त्याच्याकडच्या कागदावर नवरा नव्हता. "नवरा कुठे आहेत?"

"वारले."

"बरं," एर्मेस म्हणाला आणि काही लिहिलं नाही.

झिनाइदाला मात्र देवाने माणूस धाडल्यासारखं वाटलं होतं. तिने कपात मेणबत्ती ठेवली, टॉवेल गुंडाळला, ताटावर गव्हाचं गोड वाढलं आणि सगळं त्याच्या हातात द्यायला लागली. एर्मेस दोन पावलं मागे सरला.

"सिन्योरा, मी ड्यूटीवर आहे. मला वस्तू घेता येत नाहीत."

"माझ्यासाठी नाही देत. नवऱ्यासाठी देतेय. त्याला मिळायला हवं."

"त्यांचं काही काम अडलंय का नगरपालिकेत?"

"त्याचं कसलं काम अडणार? मेलाय तो."

"मग मला का देताय?"

"तुम्ही जिवंत आहात म्हणून."

एर्मेसने कॉफी घेतली, कारण कॉफीला नियमात बंदी नव्हती, गव्हाचं गोड तिथेच बसून संपवलं, कप आणि टॉवेल मात्र घेतला नाही. जाताना त्याने प्रामाणिकपणे अहवाल लिहिला. घरात दोन स्त्रिया राहतात. पैकी एक भेटली. दुसरीचं ताट मांडलेलं होतं. भेटवस्तू देण्याचा प्रयत्न झाला, ती स्वीकारली नाही.

संध्याकाळी झिनाइदाने तो कप, टॉवेल आणि मेणबत्ती समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराशी नेऊन ठेवली. कुणी तरी घेईल, तुदोरला पोचेल. दुसऱ्या दिवशी सगळं खाली पत्रपेट्यांपाशी ठेवलेलं होतं, वर चिठ्ठी लावून. हा कप कुणाचा आहे, त्यांनी घेऊन जावा. ती घेऊन आली.

आता दोन बायका नुसत्या वहीत नव्हत्या, पोलिसाने डोळ्यांनी बघून पक्क्या केल्या होत्या. फाव्हारोबाईंनी कपाळाला हात लावला. वर भेटवस्तूचं प्रकरण. ते त्यांनी, धार्मिक बाब, असं लिहून मिटवलं, आणि मग खिडकीच्या काचेजवळ तोंड आणून हळू आवाजात सांगितलं की आता एकच रस्ता आहे.

"बोत्नारू सापडायला नको."

"म्हणजे?"

"पोलीस पुन्हा येईल. ती घरी नसेल. परत येईल, तेव्हाही नसेल. मग आम्ही बाहेर फलकावर नोटीस लावू, हिचा ठावठिकाणा लागत नाही, कुणाला माहिती असेल तर महिनाअखेरपर्यंत येऊन सांगावं. कुणी आलं नाही की तिचं नाव कायमचं खोडलं. मग तुम्ही एकट्या, आणि पासपोर्टला आमची हरकत नाही."

"आणि कुणी आलं तर?"

"तर पुन्हा चौकशी. ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जाते."

ओलेस्याचे दिवस बर्फ वितळायच्या सुमाराला भरत होते. झिनाइदाने मान डोलावली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "ती घरी नाही" एवढं वाक्य तिने आरशासमोर घोकलं, आणि आरशात बघून ते म्हणणं जरा जडच गेलं. एर्मेस आला तो धो धो पावसात. तिने दार उघडल्या उघडल्या, त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं की बोत्नारू घरी नाही.

"कुठे गेल्या?"

हे तिने घोकलं नव्हतं. "चर्चमध्ये."

"मग येतीलच की," एर्मेस म्हणाला आणि टोपी काढून बसला. "थांबतो. नाहीतरी पाऊस आहे."

अशा रीतीने झिनाइदा बोत्नारूची वाट बघत दोघं स्वयंपाकघरात बसले. कॉफी झाली. बोलायला विषय एकच होता, जी घरात नव्हती ती. एर्मेसने सहज विचारलं की बाई कशी आहे, त्रास वगैरे देते का.

"छे," झिनाइदा म्हणाली. "तिचा कुणालाच त्रास नाही. सतरा वर्षांत इथे कुणी तिचा आवाज ऐकला नसेल."

"काम काय करते?"

"म्हाताऱ्यांचं करायची. चांगलं करायची. शेवटच्या म्हातारीला तर तिच्या मुलांची नावं आठवत नव्हती, पण हिचं आठवायचं."

तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. स्वतःबद्दल विचारलं असतं तर तिने दोन शब्दांत आटपलं असतं. त्या दुसरीबद्दल मात्र तिला पुष्कळ बोलता येत होतं, आणि एर्मेस ऐकत होता. गेल्या कित्येक महिन्यांत तिचं एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

"नवरा आहे?"

"गेला. हिला मातीला जाता आलं नाही. इथे राहायचा परवाना नव्याने करायला टाकला होता, तो आलेला नव्हता. गेली असती तर परत येता आलं नसतं. आणि परत आली नसती तर घर अर्धं राहिलं असतं. नवरा-बायकोने गावाकडे घर बांधायला काढलं होतं ना. त्यासाठीच तर आली ती."

"मग झालं का घर?"

"झालं. दोन मजली. कुलूप आहे."

एर्मेसने मिशीवरून हात फिरवला. पाऊस थांबला होता, तरी तो जरा बसला. मग उठून कागद काढला. "म्हणजे काय लिहू मी?"

"तुम्हाला दिसली का ती?"

त्याने तिच्याकडे चांगलं निरखून बघितलं. "नाही," तो म्हणाला आणि तसं लिहिलं.

त्याला सगळं कळलं होतं की नाही, देव जाणे. सरकारी माणसाला कळून उपयोग नसतो, लिहिलेलं बरोबर असावं लागतं. पुढच्या खेपेला झिनाइदाने चीज घालून प्लाचिंता भाजून ठेवल्या, केस विंचरले, आणि सकाळपासून खिडकीत तीनदा डोकावली. आपण घरात नाही हे लिहायला येणाऱ्या माणसाची आपण वाट बघतोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला हसू आलं. हसू आलं आणि मग नाही आलं. एर्मेस आला, दोन प्लाचिंता खाल्ल्या, बोत्नारूबाई आजही नाहीत असं लिहिलं आणि सांगितलं की आता यायची गरज पडणार नाही.

नोटीस लागली. नगरपालिकेच्या दारात काचेचा फलक आहे, शेजारच्याच भिंतीवर गावात मेलेल्यांच्या सूचना लागतात, त्यामुळे तिथे वाचणाऱ्यांची कमी नसते. झिनाइदा बोत्नारू, मोल्दोव्हाची नागरिक, हिचा ठावठिकाणा लागत नाही. झिनाइदा कामावर जाताना तिथून जायची. आधी तर लोक फलकासमोर थांबलेले दिसले की ती मान खाली घालून झपझप निघून जायची. कुणी ओळखलं, कुणी आत जाऊन सांगितलं, तर मॉन्ट्रियल गेलं.

रविवारी ती बसच्या मैदानावर आली. तिथे आमच्याकडून मिनीबस येतात, पार्सलं आणतात, पार्सलं नेतात, आणि जिचं पार्सल नसतं तीही येते, कारण दुसरीकडे जायचं कुठे. झिनाइदाने आम्हा सगळ्यांना हात जोडून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत मला कुणी ओळखू नका.

"आम्ही नाही गं तोंड उघडत," रायसा म्हणाली. रायसाची जीभ म्हणजे कात्री. "पण गावातल्यांची भीती सोड. तुला इथे ओळखतंय कोण?"

आम्ही सगळ्या हसलो. झिनाइदाही हसली, पण पार्सल न टाकताच परत गेली.

बेकरीतली इव्हाना तिला पहिल्या वर्षापासून पाव देत होती. त्या आठवड्यात पाव बांधता बांधता ती म्हणाली, "झीना, तुमच्याकडची कोणी बाई हरवलीय म्हणे. फलकावर लावलंय. बोत्नारू की काय. तुझ्या ओळखीची आहे का गं?"

झिनाइदाने सुटे पैसे शोधायला पर्समध्ये मान घातली. "नाही," ती म्हणाली.

"बिचारी. गेली असेल कुठेतरी. तुम्हा लोकांचं पण काही खरं नसतं."

इव्हानाचा यात काही दोष नव्हता. गावात तिला झीना म्हणत. आधी सिन्योरा क्लेलियाची झीना, क्लेलिया गेल्यावर नुसती झीना. आडनाव कुणाला लागलंच नव्हतं. तरी पाव घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि तिला स्वतःचाच राग आला. कुणी ओळखू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. मग कुणी ओळखत नाही म्हणून रडायचं कशाला?

पण मन फिरलं ते फिरलंच. आता ती फलकावरून जाताना मुद्दाम सावकाश जायची. क्लेलियाच्या मुलांपैकी कुणी, पलीकडचा औषधवाला, चर्चमधली मेणबत्त्या विकणारी, कुणी तरी आत जाऊन म्हणेल की अहो, ही हरवलेली नाही, ही आपली झीना आहे. म्हणू नये, अशी प्रार्थना करायची आणि म्हणावं, अशी वाटही बघायची. लोक यायचे, वाचायचे, शेजारच्या भिंतीवर कोण मेलं ते बघायचे आणि जायचे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ओलेस्याचा फोन आला.

"आलं का गं कुणी सांगायला?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"वा, आई! नशीब बघ तुझं," ओलेस्या म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला होता की झिनाइदाही हो म्हणाली.

शेवटच्या दिवशी तिला काहीही करायचं नव्हतं. घरात बसायचं होतं. कार्यालय दुपारी बंद झालं की बोत्नारू कागदावरून जाणार होती आणि तिचा पासपोर्ट सुटणार होता. तिने भांडी घासली, जी घासलेलीच होती. मग खुर्चीवर बसली. बसल्या बसल्या तिच्या मनात आलं की स्पीनूने आजवर केलं काय? एक शपथ घेतली. म्हातारीला उचललं बोत्नारूने, पैसे पाठवले बोत्नारूने, दोन मजले बांधले बोत्नारूने, नवऱ्याच्या मातीला न जाता पलंगाशेजारी उभं राहून दुसऱ्याच्या आईला भरवलं तेही तिनेच. आणि विमानात बसणार स्पीनू. बोत्नारूच्या नावावर काय, तर ठावठिकाणा नाही आणि विचारायला आलेलं कुणी नाही. तुदोरची बायको होती ती. भटकं कुत्रं हरवलं तरी या गावात दोन माणसं चौकशी करतात.

तिने चांगला कोट चढवला आणि निघाली. जिन्यात तिने स्वतःला दोनदा वेडी म्हटलं. चौकात पोचल्यावर परत फिरावं असं वाटलं. ओलेस्याचं पोट आठवलं, फोनवर बघितलेलं. तरी पाय नगरपालिकेच्याच पायऱ्या चढले.

खिडकी बंद व्हायला आली होती. फाव्हारोबाईंनी तिला बघून समाधानाने सांगितलं की कुणीही आलेलं नाही, आता थोडाच वेळ, तुम्ही उगाच आलात.

"मी बोत्नारूबद्दल माहिती द्यायला आलेय," झिनाइदा म्हणाली.

फाव्हारोबाईंनी चष्मा काढला. काचा पुसल्या, जरा जास्तच पुसल्या, आणि पुन्हा लावला. "सिन्योरा," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला मी समजावून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पण कुणी आलं नाही ना."

"कुणी यायला नकोच होतं."

"हो. पण कुणी आलं नाही."

फाव्हारोबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. त्यांना येत होतं ते एवढंच, आणि ते त्यांनी नीट केलं. ओळखपत्र मागितलं, स्पीनू असं नाव लिहून घेतलं.

"बोत्नारू यांना तुम्ही ओळखता?"

"ओळखते. चांगली बाई होती. कुणाचं काही घेतलं नाही तिने, कुणाचं काही बुडवलं नाही."

"ते लिहायला जागा नाही," फाव्हारोबाई म्हणाल्या, पण लिहिलं. "आणि आता त्या कुठे आहेत?"

इथेच आहे म्हणावं तर नातवंडाचं तोंड उन्हाळ्यानंतर दिसणार. माहीत नाही म्हणावं तर मग ती आलीच कशाला?

"मुलीकडे गेली," ती म्हणाली. "मॉन्ट्रियलला. मुलगी बाळंत व्हायचीय. आईने जायला हवं ना."

"म्हणजे परदेशात स्थायिक?"

"हो."

"परत येणार?"

"नाही. ती आता यायची नाही."

फाव्हारोबाईंचं पेन थबकलं. सगळा महिना त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं ते असं समोर येऊन बसलं होतं. माणूस परदेशी गेला की चौकशी लागत नाही, नोटीस लागत नाही, काही लागत नाही. "मग बेपत्ता म्हणून नाव खोडायचं कारणच नाही," त्या म्हणाल्या. "परदेशी स्थलांतर. ठावठिकाणा आहे. इथली नोंद आजच बंद होते. पासपोर्टवाल्यांना मी आत्ताच कळवते."

झिनाइदाने काउंटरला धरलं. फाव्हारोबाई लिहीत राहिल्या, आणि शेवटच्या ओळीशी येऊन त्यांनी वर बघितलं.

"माहिती देणाऱ्याचं त्यांच्याशी नातं?"

"तिचं इथे कोणी नव्हतं," झिनाइदा म्हणाली. "म्हणून मीच आले."

फाव्हारोबाईंनी जरा विचार केला, नात्यापुढे 'कोणी नाही' असं लिहिलं आणि शिक्का मारला.